उलट्या कोपरीचं वाण

गोपीनाथ गुप्ते ‘बसा ना’ म्हणाला की कोपरीतला शहाणा माणूस आधी खुर्चीखाली वाकून बघायचा. ह्यात अपमान वगैरे काही नव्हता. ही कमाई होती, आणि ती त्यानं फार मेहनतीनं केलेली. शेजारचा मधु सोमण एकदा ओटीवरच्या आरामखुर्चीत झोपला तो जागा झाला ठाणे स्टेशनच्या फलाटावर, त्याच खुर्चीत, खिशात कल्याणचं तिकीट खोचलेलं. तिकीट परतीचं होतं, कारण गोपीनाथ माणूस म्हणून वाईट नव्हता.

पण अशा माणसाची एक पंचाईत असते. तो खोटं बोलला तर लोक हसतात, आणि खरं बोलला तर जास्तच हसतात.

गेल्या संक्रांतीचंच घ्या. बायकोच्या, म्हणजे मालनच्या हळदीकुंकवाला वाण द्यायला म्हणून त्यानं चहाची गाळणी आणली. स्वस्तात मिळाली. स्वस्तात का मिळाली ते पहिल्याच चहाला कळलं. गाळणीची जाळी सुटून चहाबरोबर कपात उतरली, आणि त्या संध्याकाळी अख्ख्या आळीतले नवरे चहा पिता पिता तारा थुंकत होते. ही थट्टा नव्हती, दुकानदारानं आपल्यालाच फसवलं, असं गोपीनाथ दारोदार शपथ घेऊन सांगत फिरला. शपथ ऐकून लोकांना दुसऱ्यांदा हसू आलं. तेव्हापासून बायका मालनला भेटल्या की चहा कशानं गाळतेस ते आधी विचारायच्या. मधुची बायको शालू तर विचारायचीही नाही, नुसतं मालनच्या कपाकडे बघायची.

ह्या वर्षी शालू स्टेनलेसचे चमचे लुटणार होती. स्टेनलेस हा शब्द तेव्हा कोपरीत नवा होता, आणि शालू तो असा जपून उच्चारायची की जणू जोरात म्हटलं तर त्याला चरा पडेल.

संक्रांत जवळ आली तशी मालन एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “अहो, ह्या वर्षी बायका हसल्या तर पुढच्या वर्षापासून आपल्या घरी हळदीकुंकू नाही.”

आवाज चढवला नाही, मान वर केली नाही. मालन ओरडली की गोपीनाथला कधी काळजी वाटायची नाही. ती खडे बाजूला काढत शांतपणे बोलली की समजायचं, आपण खड्यांत आहोत. त्यानं मनाशी ठरवलं, आयुष्यात एकदा तरी असं काही करायचं की कुणी हसणार नाही. इतकं अवघड काम त्यानं आजवर अंगावर घेतलेलं नव्हतं.

सुरुवात झाली सोमणांच्या खिडकीपासून. तिची काच फुटली होती. कशी फुटली ह्या तपशिलात शिरायचं कारण नाही. गलोल जुनी होती आणि नेम चुकला, एवढं पुरे. भरपाई म्हणून गोपीनाथ काच शोधत विठ्ठलवाडीपर्यंत गेला. फाळणीनंतर तिकडच्या कँपात सिंधी मंडळींनी असा बाजार उभा केला होता की मागाल ते मिळेल, फक्त मागता आलं पाहिजे. एका म्हाताऱ्या दुकानदारानं त्याला लाकडी पेटी दाखवली. आत वहीच्या पानाएवढ्या काचा, जराशा काळपट. मिठाच्या खात्यातल्या कुणा साहेबाच्या बंगल्याच्या लिलावात निघालेल्या म्हणे. काळपट तर काळपट, शालूच्या स्वयंपाकघराला सावली होईल असा विचार करून गोपीनाथनं पेटी उचलली, आणि त्याच दिवशी चार काचा सोमणांच्या चौकटीत बसवून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आलं आणि शालूनं खिडकीकडे बघितलं. खिडकीत माणसं उभी होती. काळ्याठिक्कर तोंडाची, पांढऱ्या केसांची, डोळ्यांच्या पांढऱ्या बाहुल्यांची. शालूच्या हातातलं दूध सांडलं, मधुचं धोतर सुटलं आणि निम्मी आळी गोळा झाली. गोपीनाथ कळवळून सांगत होता की मला खरंच माहीत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मधुनं मात्र सल्ला दिला. मधु हा सल्ला देण्यासाठीच जन्माला आलेला माणूस. त्यानं एक नारळ, एक वास्तुशांत आणि वसईचा एक मांत्रिक सुचवला.

त्याऐवजी गोपीनाथ काचा घेऊन डोंबिवलीला गेला. तिथं सुधीर नावाच्या तरुणानं नवा फोटो स्टुडिओ काढला होता. सुधीरनं काच उजेडाला धरली आणि म्हणाला, “काका, ही भुतं नाहीत. हे जुने फोटो आहेत. काळं ते पांढरं होईल, थांबा.”

झालं तसंच. कागदावर हळूहळू जुनी कोपरी उतरली. मिठागरात मीठ ओढणारी माणसं, मागे खाडी आणि पलीकडे डोंगर. लग्नाची पंगत, अख्खं गाव पानावर बसलेलं. आणि एका फोटोत बंदरावर उभी एक कोळीण, नाकात नथ, डोक्यावर टोपली, कडेवर लहान मूल. मूल हात पसरून फोटो काढणाऱ्याकडेच बघत होतं.

ते बघता बघता गोपीनाथच्या डोक्यात एक कल्पना आली. चहाचे ट्रे. पत्र्याच्या ट्रेवर हे फोटो चिकटवायचे, वर व्हार्निश. आपलंच गाव, आपलीच माणसं, चहाच्या कपाखाली. असं वाण ठाण्यात कुणी कधी लुटलेलं नसेल.

आळीत त्यानं फोटो दाखवले तेव्हा मधुनं चष्मा लावून हरकत घेतली. डोंगर चुकीच्या बाजूला आहे, म्हणाला. गोपीनाथनं बघितलं तर होताच. पण मधुला प्रश्न पडला की उत्तरही त्यालाच सापडतं. “अरे गोप्या, जुना फोटो आहे हा,” तो म्हणाला. “इतक्या वर्षांत खाडी सरकते.” हे सगळ्यांना पटलं. खाडी सरकली असेल. माणसाचा काय भरवसा, तिथे खाडीचा कुठून असणार.

आता पत्रा. पत्र्यावर तेव्हा कंट्रोल होता. साखर, कापड, रॉकेल, पत्रा, सगळं परमिटवर. गोपीनाथ एका कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि विचारलं, ट्रे म्हणजे काय. गोपीनाथनं सांगितलं, तबक. कारकून म्हणाला, तबक पूजेचं, पूजेच्या सामानाला पितळ, पत्रा नाही. गोपीनाथ म्हणाला, बरं, मग भांडं. कारकून म्हणाला, भांड्यात काहीतरी मावलं पाहिजे, ह्यात पाणी राहील का? गोपीनाथ म्हणाला, नाही. मग भांडं नाही. असे दोघं बराच वेळ शब्दकोशातून फिरत राहिले. शेवटी कारकुनाची नजर मिठागराच्या फोटोवर गेली. हे काय? हे मीठ ओढताहेत. म्हणजे मजूर, अवजारं, जमीन. कारकुनाचा चेहरा उजळला. त्यानं ‘शेतकी व तत्सम अवजारे’ असा शिक्का मारला आणि परमिट दिलं. वर बजावलं की तपासणीला माणूस येईल. अवजार वापरात दिसलं नाही तर पत्रा जप्त.

माणूस आला तोही नेमका भल्या सकाळी. गोपीनाथ दात घासत होता. त्याला तोंड धुवायलाही सवड मिळाली नाही, तोवर मालननं एक कोरा ट्रे घेतला, त्यात तीळ ओतले आणि दारात बसून पाखडायला लागली. तपासनीसानं विचारलं, हे काय? मालन म्हणाली, “अवजार.” तो तिळाच्या लाडवासकट समाधान पावून गेला. गोपीनाथ तोंडात मंजन तसंच ठेवून बायकोकडे बघत राहिला. इतकं बेमालूम त्यालाही जमलं नसतं.

पुढे व्हार्निशनं छळलं. पहिला ट्रे मधुच्या हातात दिला, त्यावर गरम चहाचा कप. मधुनं कप उचलला तर ट्रेही वर आला. जोरात ओढला तर कप सुटला, पण पंगतीतल्या एका म्हाताऱ्याच्या मिशा कपाच्या बुडाला चिकटून आल्या. मधुनं त्यावर खोबरेल चोळायचा सल्ला दिला. चोळल्यावर कप चिकटेना, पण ठेवला की घरंगळून मधुच्याच मांडीवर यायला लागला. शेवटी ट्रे सगळे गच्चीवर उन्हात वाळवले, आणि कावळ्यांपासून राखायला खुद्द गोपीनाथ छत्री घेऊन बसला. रस्त्यावरून जाणारे हात करायचे आणि विचारायचे, आज काय नवीन? तो म्हणायचा, काही नाही, खरंच ट्रे वाळवतोय. ते हसत हसत पुढे जायचे.

ट्रे झाले देखणे. आणि गोपीनाथला वाटलं, पहिला आवडाबाईला दाखवावा.

आवडाबाई म्हणजे त्यांची मासळीवाली. गुप्ते मंडळी सीकेपी, तेव्हा घरात पंचांगं दोन, एक भिंतीवरचं आणि दुसरं आवडाबाईच्या टोपलीतलं. तिच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. गोपीनाथ अख्ख्या आळीला सांगायचा, आवडाबाईचा डाव्या हातानं काढलेला वाटा घ्या, एक बोंबील जास्त येतो. ती त्याला शिव्या घालायची आणि कोलंबीही घालायची. असं ते वर्षानुवर्षं चाललेलं. तिची आई ती चालायला लागायच्या आत गेली होती. बापानं आणि खाडीनं तिला वाढवलं. हे तिनं कधीतरी मासळी साफ करता करता मालनला सांगितलेलं.

गोपीनाथनं बंदरावरच्या कोळणीचा ट्रे तिच्यासमोर धरला. ती कौतुकानं वाकली. मग तिचा चेहरा बदलला. कडेवरच्या मुलानं जो हात पसरला होता त्याला सहा बोटं होती.

गोपीनाथनंही ती आत्ता पहिल्यांदाच बघितली. तो हरखून काहीतरी बोलणार, तेवढ्यात आवडाबाई बोलली.

“माजा सहावा बोट डावीला हाय. या पोरीचा उजवीला. आनि आमचे कोलनी नथ उजवे नाकान घालतान का रं भावा? कोनाची तरी बाय घेतलीस नि तिचे पोरीला माजा बोट चितारलास. माजे बोटावर हसलास ता हसलास, आये नाय मना, तिचे नावान पन हसतस?”

गोपीनाथनं देवाची शपथ घेतली. मग बायकोची घेतली. आवडाबाईनं टोपली उचलली आणि गेली. त्याला पहिल्यांदाच असं झालं की आपण खरं बोलतोय आणि समोरचं माणूस हसतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मासळी आली नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतः बाजारात गेला तर कोळणींनी त्याला बघून टोपल्या झाकल्या. एकीनं तर सांगितलं, पाचच बोटांच्या बायका हायेत हितं, तुला नाय परवडनार. गुप्त्यांच्या घरात घेवडा शिजला. सीकेपीच्या घरात संक्रांतीच्या दिवसांत घेवडा ओळीनं शिजला की शेजारी चौकशीला येतात. मधु येऊन कुणी गेलं का म्हणून हळूच विचारून गेला.

गोपीनाथ डोंबिवलीला जाऊन सुधीरवर ओरडला, तूच बोट काढलंस का म्हणून. सुधीर खरोखर दुखावला. मी बोटं काढत नाही, फोटो काढतो, म्हणाला. गोपीनाथ परत आला आणि ओटीवर बसून राहिला. मधु म्हणाला, आळीला खरं सांगून टाक, की गंमत केली. गोपीनाथ म्हणाला, केली नाही. मधु म्हणाला, तेच, तसंच म्हणत राहा, फार छान जमलंय.

हळदीकुंकवाला उशीर होत होत शेवटी रथसप्तमीच उजाडली. पुढे मुदत नाही. मालननं सकाळी साडी नेसली, आणि चहा देताना नवऱ्याला विचारलं, “बोट तुम्ही काढलं?”

“नाही.”

ती त्याच्या डाव्या कानाकडे बघत राहिली. मग पदर खांद्यावर घेऊन बाहेर पडली. ती कोळीवाड्यात गेली, आवडाबाईच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आमचे हे खोटं बोलले की त्यांचा डावा कान हलतो. आज नाही हलला. तुम्ही आलात तरच मी हळदीकुंकू करीन.” हा कानाचा प्रकार गोपीनाथला लग्नाला इतकी वर्षं होऊन ठाऊक नव्हता. नंतर कळला तेव्हा त्याला आपल्या धंद्याचं भांडवलच गेल्यासारखं वाटलं.

आवडाबाई आली. हिरवं लुगडं, नाकात नथ, तोंडावर राग तसाच. येते पण ट्रे घेणार नाही, असं तिनं दारातच सांगितलं.

पुरुषांना आत मज्जाव. गोपीनाथ मधल्या दाराच्या पडद्यामागे पाटावर पाट ठेवून उभा होता, फटीला डोळा लावून. बायका भरल्या होत्या. शालू पुढेच, पिशवीत स्टेनलेसचा एक चमचा, सहज दाखवायला आणल्यासारखा. मालननं ट्रे वाटायला सुरुवात केली. शालूच्या वाट्याला लग्नाच्या पंगतीचा आला. तिनं तो निरखून बघितला.

“अगंबाई,” ती म्हणाली, “मालन, कोपरीत पूर्वी डाव्या हातानं जेवायचे वाटतं?”

सगळ्या वाकल्या. खरंच. सगळी पंगत, वाढपी, यजमान, नवरदेवसुद्धा, घास डाव्या हातात घेऊन बसले होते. एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. कुणी म्हणालं, गाळणी बरी होती. पडद्यामागे गोपीनाथला पायाखालचा पाट सरकल्यासारखा वाटला, आणि नुसता वाटला नाही, खरंच सरकला. तो दाराच्या चौकटीला धरून लोंबकळत राहिला.

मालननं काही ऐकलंच नाही असं दाखवलं. कुंकवाची कोयरी घेऊन ती आवडाबाईपुढे बसली, तिला हळद लावली, कुंकू लावलं. कान हसणाऱ्या बायकांकडे असल्यामुळे कुंकू जरा फाकलं. “बघा हं, नीट लागलं का,” म्हणत तिनं फणी-करंड्यातला आरसा आवडाबाईच्या तोंडासमोर धरला.

आवडाबाईनं आरशात बघितलं. कपाळाकडे नाही. तिच्या मागे, कोनाड्यात, उरलेले ट्रे टेकून ठेवले होते, सगळ्यात पुढे बंदरावरची कोळीण.

आवडाबाई हलेना. मग तिनं मान वळवून ट्रे बघितला. परत आरशात बघितलं. परत ट्रे. बायकांचं हसू एकेक करून बंद पडलं.

“वयनी,” ती म्हणाली, “आरसा हालवू नको.”

आरशातल्या कोळणीची नथ डाव्या नाकात होती. पदर आपल्या जागी होता. कडेवरची पोर हात पसरून बघत होती, आणि तो हात डावा होता. आवडाबाईनं मांडीवरचा आपला डावा हात उचलला, सहाव्या बोटानं आरशाच्या काचेला स्पर्श केला.

“माजी आये,” ती म्हणाली. “ही माजी आये हाय. आनि ही मी.”

कुणी हसलं नाही. शालूनं चमचा पिशवीत टाकला. मग तीच पहिली उठली, आपला ट्रे घेऊन आरशासमोर धरला, आणि ओरडलीच, की अगं, उजव्या हातानं जेवताहेत. झालं, सगळ्यांची आरशासाठी झुंबड. कुणाला आजेसासरा सापडला, कुणाला विकलेली विहीर. मधुचा सरकलेला डोंगर मुकाट्यानं आपल्या जागेवर परत आला. त्या गडबडीत पडद्यामागचा दुसरा पाटही निसटला आणि गोपीनाथ पडद्यासकट हळदीकुंकवात येऊन पडला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. एवढा अपमान होऊन एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता.

उलगडा सुधीरनं केला. काचेची फोटोचा मसाला लावलेली बाजू घासू नये म्हणून त्यानं ती कागदाकडे न ठेवता वर ठेवून फोटो छापले होते, त्यामुळे सगळी कोपरी डावीची उजवी झाली. बिचारा माफी मागत आला, सुलटे छापून देतो म्हणाला. पण आता सुलटे कुणाला हवे होते? कोळीवाड्यातून, आगरवाडीतून बायका यायला लागल्या, आम्हाला उलटंच पाहिजे, आरशात बघायचं. परमिट देणारा कारकूनही येऊन एक अवजार घेऊन गेला. पुढच्या वर्षी शालूनं वाण म्हणून आरसे लुटले आणि ही कल्पना मूळची आपलीच होती, असं सांगितलं. मालननं तिला सांगू दिलं. जिंकलेल्या माणसाला ते परवडतं.

आवडाबाईनं आपल्या घरात एका भिंतीला आरसा लावला आणि समोरच्या भिंतीला ट्रे. रोज सकाळी कुंकू लावताना आई खांद्यामागे उभी असते, असं ती सांगते.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन गुप्त्यांच्या दारात आली. डावा हात टोपलीत घातला, बोंबील काढून मालनच्या परातीत टाकले आणि म्हणाली, पाच. मालननं मोजले नाहीत. सहा होते ते दिसतच होतं.

गोपीनाथनं ओटीवरची खुर्ची पुढे केली. “बसा ना, आवडाबाई,” तो म्हणाला.

आवडाबाई सरळ बसली. खुर्चीखाली बघितलं नाही.

मग गोपीनाथनंच घाईघाईनं वाकून बघितलं. सकाळी मधुसाठी तिथे काही ठेवलं होतं की काय, ते त्याला नीटसं आठवत नव्हतं.